दोन तासांचं गॅलेरिया बोर्गेझे: रोमची सहल इथून आखायला घ्या

रोमला चार-पाच दिवस जायचं ठरलं की बहुतेक जण आधी कोलोसियम आणि व्हॅटिकनची तिकिटं शोधतात आणि गॅलेरिया बोर्गेझे हे कलासंग्रहालय ‘वेळ उरला तर’ या रकान्यात टाकतात. नेमकं इथेच चुकतं. कोलोसियमची तिकिटंही लवकर संपतात, पण तिथे दिवसभरात आत सोडल्या जाणाऱ्यांची संख्या इतकी मोठी आहे की वेळ पुढेमागे करायला वाव राहतो. बोर्गेझेमध्ये फक्त 20 दालनं आहेत, प्रत्येक वेळेला ठरावीक माणसंच आत जातात आणि दोन तास संपले की सगळ्यांना बाहेर पडावं लागतं. गर्दीच्या दिवसांत दारावर जाऊन तिकीट मिळेल अशी आशाच धरू नये. म्हणून आधी बोर्गेझेची वेळ पक्की करायची आणि बाकीचं रोम तिच्याभोवती बसवायचं. एवढी खटपट करण्यासारखं हे संग्रहालय आहे का? शिल्पकार बर्निनीचं तारुण्यातलं काम आणि चित्रकार करावाज्जोची सहा चित्रं एकाच छपराखाली दुसरीकडे कुठेच नाहीत. रोममध्ये एकच संग्रहालय पाहता येणार असेल तर ते हेच असावं.

आरक्षण संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. शोधयंत्रात वरच्या ओळींत दिसणारी बरीच संकेतस्थळं दलालांची असतात. तेच तिकीट ती वाटाड्यासोबत किंवा ‘रांग टाळा’ अशा नावाखाली बऱ्याच चढ्या भावाने विकतात. अधिकृत ठिकाणी तुमच्या तारखेची तिकिटं संपलीच असतील, तर वाटाड्यासह तिकीट घेणं समजण्यासारखं आहे. पण तो दुसरा पर्याय. पर्यटकांसाठीचा रोमा पास हातात असला तरी इथली वेळ वेगळी आरक्षित करावीच लागते. पास दाखवला की आत सोडतील या समजुतीने आलेली माणसं दारातून परत जातात. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत असतो, पण आरक्षण त्या दिवशीही लागतंच आणि ते फार लवकर भरतं. सोमवारी संग्रहालय बंद असतं. तसंच 25 डिसेंबर आणि 1 जानेवारीलाही.

आता जागेबद्दल, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. व्हिला बोर्गेझे हे सुमारे 80 हेक्टरांच्या अख्ख्या उद्यानाचं नाव आहे, आणि संग्रहालय त्याच्या ईशान्य टोकाला आहे. नकाशात ‘व्हिला बोर्गेझे’ टाकून मेट्रोने फ्लामिनियो किंवा स्पान्या स्थानकावर उतरलेल्या माणसाला पुढे अर्धा तास चालावं लागतं, तेही उद्यानातल्या फाटे फुटणाऱ्या वाटांवरून. पत्ता शोधताना ‘पियाझ्झाले शिपिओने बोर्गेझे’ हेच टाका. तेर्मिनी स्थानकावरून 910 क्रमांकाची बस संग्रहालयाजवळ सोडते. बार्बेरिनी मेट्रोवरून व्हिया व्हेनेतो चढत, पोर्ता पिंचानाच्या जुन्या वेशीतून चालत आलात तर वीस-पंचवीस मिनिटं लागतात. चढ आहे, पण वाट सरळ आहे.

आरक्षित वेळेच्या किमान अर्धा तास आधी पोहोचा. पाठपिशवी, मोठी पर्स, छत्री हे सगळं सामानाच्या खिडकीवर जमा करावं लागतं. त्याचे पैसे पडत नाहीत, पण रांग असते, आणि त्या रांगेत गेलेली मिनिटं तुमच्याच दोन तासांतून जातात. उशिरा येणाऱ्याला पुढची वेळ मिळत नाही. पाण्याची बाटली, जाकीट, सेल्फी काठी मुक्कामावरच ठेवून आलात तर हे काम पटकन उरकतं. फोटो काढता येतात, फक्त फ्लॅश चालत नाही.

आत गेल्यावर काय आधी पाहायचं यावर बरंच अवलंबून आहे. तळमजल्यावर शिल्पं (एक ते आठ क्रमांकांची दालनं; आठव्यात मात्र करावाज्जोची चित्रंही) आणि वरच्या मजल्यावर चित्रं (नऊ ते वीस). जवळजवळ सगळे तळमजल्यापासून सुरू करतात, त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासात खाली प्रत्येक शिल्पाभोवती कोंडाळं असतं आणि वरची दालनं रिकामी. आपण उलट करावं: गोल जिन्याने सरळ वर जावं, चित्रांना पस्तीस-चाळीस मिनिटं द्यावीत आणि मग निवांत खाली यावं. कर्मचाऱ्यांनी त्या दिवशी ठरावीक दिशेनेच जायला सांगितलं तर वाद घालण्यात वेळ घालवू नका. अशा वेळी खालची दालनं शेवटाकडून पाहत या.

वरच्या मजल्यावर सगळं पाहायचा हट्ट नको. नवव्या दालनातलं राफाएलचं 1507 सालचं चित्र, ख्रिस्ताचा मृतदेह वाहून नेण्याचं, ते मात्र चुकवू नका. ते मुळात पेरुजियातल्या एका चर्चमध्ये होतं. 1608 मध्ये रात्रीतून तिथून हलवलं गेलं आणि कार्डिनल (पोपच्या खालोखालचा धर्मगुरू) शिपिओने बोर्गेझेच्या घरी पोहोचलं. हा शिपिओने म्हणजे पोप पाचव्या पॉलचा भाचा, आणि या संग्रहाचा कर्ता. आवडलेली कलाकृती मिळवण्यासाठी तो कोणत्या थराला जाई हे कळलं की पुढची दालनं वेगळीच दिसू लागतात. दहाव्या दालनात कोरेज्जोचं ग्रीक पुराणातल्या दानाएचं चित्र, विसाव्यात टिशियनचं 1514 सालचं ‘पवित्र आणि ऐहिक प्रेम’. चौदाव्या दालनात शिपिओनेचेच दोन अर्धपुतळे शेजारीशेजारी आहेत. दोन्ही बर्निनीचे, दोन्ही 1632 चे, दिसायला जवळजवळ सारखे. पहिल्याच्या कपाळावर नीट पाहा: संगमरवराला चीर गेलेली दिसते. काम जवळपास पुरं झाल्यावर दगडातला तो दोष उघडा पडला आणि बर्निनीने झटपट दुसरा पुतळा कोरला. किंचित उघडे ओठ, सुटू पाहणारं बटण, बोलता बोलता मान वळवलेला माणूस. दोन्ही पुतळ्यांत कोणता अधिक जिवंत, हे ठरवायला पाच मिनिटं थांबाच.

मजल्याच्या मांडणीबद्दल एक खरी तक्रार आहे. चित्रं जुन्या राजवाड्याच्या पद्धतीने एकावर एक टांगली आहेत. वरच्या रांगेतली नीट दिसत नाहीत, आणि खिडक्यांचा उजेड वार्निशवर चकाकतो. चित्राच्या अगदी समोर न उभं राहता दोन पावलं बाजूला सरकलात तर चकाकी जाते. माहितीच्या पाट्या त्रोटक आहेत, म्हणून काय पाहायचं ते आधी वाचून यावं. तिथे उभं राहून फोनवर वाचण्यात दोन तास कधी संपतात ते कळत नाही.

आता तळमजला, आणि इथे घाई करू नका. किमान सत्तर मिनिटं हातात ठेवा. बर्निनीची मोठी शिल्पं वीस-सत्तावीस वर्षांच्या वयातली आहेत, आणि ती कालक्रमाने पाहिली तर एका माणसाचा हात तयार होताना दिसतो. सुरुवात सहाव्या दालनातल्या एनियासपासून (1618–19), म्हणजे जळत्या ट्रॉय नगरातून निसटणाऱ्या वीरापासून: वृद्ध बाप खांद्यावर, लहान मुलगा पायाशी. एकाच दगडात तीन वयांची कातडी आहे, पण रचना अजून खांबासारखी ताठ आहे. मग चौथ्या दालनातली प्रोसेर्पिना (1621–22), पाताळाचा देव प्लुटो पळवून नेतो ती. प्लुटोची बोटं तिच्या मांडीत रुतली आहेत, तिच्या हाताच्या रेट्याने त्याच्या भुवईची कातडी गोळा झाली आहे, गालावर अश्रू आहे. पुढून पाहून निघून जाऊ नका, मागे पाताळाचा तीन डोक्यांचा कुत्रा सर्बेरस आहे. शिपिओनेने हे शिल्प दुसऱ्या एका कार्डिनलला भेट देऊन टाकलं होतं. ते इथे परत आलं 1908 मध्ये.

तिसऱ्या दालनात अपोलो आणि डाफ्ने (1622–25): अपोलो देव मागे लागतो आणि त्याच्यापासून सुटण्यासाठी डाफ्नेचं झाड होतं. आज हे शिल्प दालनाच्या मधोमध आहे. मुळात ते भिंतीजवळ असं ठेवलं होतं की आत येणाऱ्याला आधी धावणाऱ्या अपोलोची पाठ दिसावी आणि पुढे सरकताना डाफ्नेच्या बोटांना पालवी फुटताना दिसावी. तोच क्रम आपणही पाळावा: अपोलोच्या पाठीमागून सुरू करून हळूहळू गोल फिरा. मुलीचं झाड होणं चार पावलांत घडतं. पायाच्या बोटांतून निघालेली मुळं आणि मांडीवर चढत आलेली साल जवळून पाहा. त्या पातळ पानांचं बरंचसं नाजूक काम जुलियानो फिनेल्ली या सहाय्यकाच्या हातचं मानलं जातं. त्याचं नाव फारसं कोणी घेत नाही, ते इथे घ्यायला हवं. चौथऱ्यावर माफ्फेओ बार्बेरिनी या कार्डिनलच्या लॅटिन ओळी आहेत: पळत्या सुखामागे धावणाऱ्याच्या हाती अखेर पानं आणि कडू फळंच येतात. एका कार्डिनलच्या घरात एवढं ऐहिक शिल्प ठेवायचं तर असा उपदेश सोबतीला लागत असे.

दुसऱ्या दालनातला दाविद (1623–24), बायबलमधल्या गोलियाथ या अवाढव्य योद्ध्याला मारणारा तरुण, गोफण फिरवण्याच्या क्षणात पकडलेला आहे. ओठ आत ओढलेले, भुवया आवळलेल्या. चेहरा बर्निनीचा स्वतःचाच. त्याच्या नजरेच्या रेषेत उभे राहिलात तर गोलियाथच्या जागी आपण असतो.

पहिल्या दालनातली शिल्पकार कानोव्हाची पाओलिना बोर्गेझे (1805–08) म्हणजे नेपोलियनची बहीण. उशी आणि गादी दगडाची आहे यावर विश्वास बसत नाही. खालच्या लाकडी चौथऱ्यात शिल्प गोल फिरवण्याची यंत्रणा होती, म्हणजे पाहणाऱ्याने जागचं हलायलाच नको. तिचा नवरा कामिल्लो बोर्गेझे यानेच 1807 मध्ये घराण्याची प्राचीन शिल्पं मेव्हण्याला विकली. ती आज पॅरिसच्या लुव्हरमध्ये आहेत. प्रवेशाच्या मोठ्या दालनात वर मान करून छताचं चित्र पाहता पाहता पायाखाली लक्ष असू द्या: चौथ्या शतकातली, ग्लॅडिएटरांच्या झुंजींची मोझेक फरशी तिथेच आहे.

शेवटी आठवं दालन, करावाज्जोचं. ‘फळांची टोपली घेतलेला मुलगा’ आणि ‘आजारी बाक्कुस’ ही दोन्ही चित्रं 1607 मध्ये पोपच्या अधिकाऱ्यांनी कावालिएर द’आर्पिनो या चित्रकाराकडून जप्त केली आणि पोपने ती भाच्याला दिली. सापावर पाय ठेवणाऱ्या मेरीचं मोठं चित्र व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चसाठी काढलेलं होतं, पण तिथून काही दिवसांतच उतरवलं गेलं. लगेच ते शिपिओनेने घेतलं. आणि गोलियाथचं मुंडकं हातात धरलेला दाविद: ते मुंडकं चित्रकाराचं स्वतःचं आहे. दुसऱ्या दालनातल्या दाविदाला विजयाच्या आधीचा क्षण मिळाला आहे, इथल्या दाविदाला नंतरचा. आणि इथे जिंकणाऱ्याच्या चेहऱ्यावर दया आहे. दोन्ही एकाच घरात पाहायला मिळणं हीच बोर्गेझेची खरी श्रीमंती. एक सावधगिरी मात्र बाळगा: करावाज्जोची चित्रं इतर प्रदर्शनांसाठी उसनी जातात. ठरावीक चित्रासाठीच येत असाल तर आरक्षणाआधी ते जागेवर आहे ना हे संकेतस्थळावर पाहून घ्या. कधी दालनांत समकालीन कलाकृतीही मांडतात. काहींना ते आवडतं. पहिल्यांदाच येणाऱ्याला मात्र त्यांचा अडथळा वाटू शकतो.

वेळ कोणती घ्यावी? सकाळी 9 ची सर्वांत चांगली. दालनं थंड असतात, डोळे ताजे असतात आणि अकराला बाहेर पडल्यावर दिवस पुढे जोडता येतो. दुपारची वेळ घेतली तर आधीच्या पायपिटीने थकून आपण शिल्पांपुढे नुसते उभे राहतो. ज्या दिवशी सकाळी व्हॅटिकन संग्रहालय केलं त्याच दुपारी बोर्गेझे हा बेत तर करूच नये. सोमवार व्हॅटिकन किंवा कोलोसियमला द्या, कारण ती दोन्ही त्या दिवशी उघडी असतात. व्हॅटिकन संग्रहालय रविवारी बंद असतं. अपवाद महिन्याच्या शेवटच्या रविवारचा, पण त्या दिवशी प्रवेश मोफत असल्याने गर्दी प्रचंड.

अकराला बाहेर पडलात की उद्यानातून पश्चिमेकडे पिंचो टेकडीच्या सज्जापर्यंत चालत जा आणि उतरून पियाझ्झा देल पोपोलो हा चौक गाठा. अर्धा तास पुरतो. तिथल्या सांता मारिया देल पोपोलो चर्चमध्ये करावाज्जोची आणखी दोन मोठी चित्रं आहेत, आणि प्रवेशाला पैसे लागत नाहीत. रोममधली बरीच चर्च दुपारी साडेबाराच्या सुमारास बंद होऊन चारच्या आसपास पुन्हा उघडतात, तेव्हा वाटेत रेंगाळू नका. संध्याकाळी नावोना चौकाजवळच्या सान लुईजी देई फ्रांचेझी चर्चमध्ये त्याची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं पाहता येतील. तिथला दिवा नाणं टाकल्यावर लागतो आणि थोड्याच वेळात विझतो, म्हणून खिशात सुटी नाणी ठेवा.