सोलर, हायब्रिड इन्व्हर्टर, लिथियम बॅटरी: सांगलीतले अकरा महिने

नेट मीटर (ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या लाइनला, दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करणारा मीटर) असलेल्या घरात बॅटरी रोज वापरायची नसते. हे मला विकणाऱ्यानं सांगितलं नाही. कळायला तीन महिने गेले, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

घर गावभागात, माणसं चार, महिन्याला दोनशे-सव्वादोनशे युनिट. मी घरातूनच जीएसटीची कामं करते. 20 तारखेला रिटर्न अर्धवट असताना लाईट गेली की काय होतं, ते या कामातल्यांना सांगायला नको. पूर्वी साधा इन्व्हर्टर होता, त्याची ट्यूब्युलर बॅटरी तळमजल्यावर जिन्याखाली. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली (धोक्याची पातळी 45) आणि बॅटरी, इन्व्हर्टर, बोर्ड सगळं गाळात गेलं. तेव्हाच ठरलं, विजेचं काहीही पहिल्या मजल्याच्या खाली नको.

गेल्या ऑक्टोबरात बसवलं ते असं: 540 वॅटची सहा पॅनेल, 5 किलोवॅटचा सिंगल फेज हायब्रिड (पॅनेल, बॅटरी, ग्रिड तिन्ही सांभाळणारा) इन्व्हर्टर आणि 51.2 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, म्हणजे साधारण 5 युनिटचा साठा. पीएम सूर्यघर योजनेचे 78,000 रुपये खात्यावर जमा झाले. 3 किलोवॅट असो की त्याहून जास्त, रक्कम तेवढीच. बॅटरीसाठी वेगळं काही नाही. बॅटरी पहिल्या मजल्यावरच्या बोळात भिंतीला लावली. वायरमन गच्चीवरची पत्र्याची खोली सुचवत होता. मे महिन्यात पापड उन्हात वाळत घालायचीही गरज नसते, त्या खोलीत ठेवले तरी वाळतात. तिथं बॅटरी ठेवणार नव्हतेच.

साधा ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर का नको, हे शेजारी बघून कळलं होतं. भर दुपारी लाईट गेली की डोक्यावर ऊन असूनही त्यांचे पंखे बंद. तो इन्व्हर्टरचा दोष नव्हे. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला आपल्या घरातून उलटी वीज लागू नये म्हणून त्यानं बंद व्हायलाच हवं.

आता बॅटरीचं. बसवणाऱ्यांनी मोड 'सेल्फ यूज' ठेवून दिला होता. दिवसा भरायची, संध्याकाळी टीव्ही-फ्रिजवर उतरायची, आणि ॲपमध्ये 'आज 96 टक्के स्वावलंबी' वगैरे वाचून मी खूश. जानेवारीच्या 20 तारखेला रात्री साडेनऊला लाईट गेली तेव्हा बॅटरीत 22 टक्के होते. दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसले. दुपारी ग्रिडला दिलेलं युनिट माझ्या बिलात युनिटला युनिट वजा होतं. तेच युनिट बॅटरीत घालून रात्री काढलं तर वाटेत दहाएक टक्के जातं, वर बॅटरी झिजते ती वेगळीच. म्हणजे ग्रिड ही फुकटची बॅटरी असताना मी विकतची घासत होते. त्याच दिवशी मोड बदलला. आता बॅटरी फक्त लाईट गेल्यावर. तिचे पैसे कधी वसूल होतील असं विचारलंत, तर होणार नाहीत. गाडीचा विमा वसूल होतो का?

पण बॅटरीला नुसतं बसवून ठेवलं की तिचीही एक खोड निघते. आयुष्य वाढावं म्हणून मी चार्जिंगची मर्यादा 80 टक्क्यांवर लावली आणि विसरले. मे महिन्यात वळीव झाला, कुठंतरी झाड पडलं, सात तास लाईट नव्हती. स्क्रीनवर 41 टक्के दिसत असताना घर एकदम अंधारात. आधी बॅटरी गेली असंच वाटलं. कारण वेगळं होतं. या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या पूर्ण टप्प्यात जवळजवळ सपाट असतं, त्यावरून किती उरलंय ते ओळखता येत नाही. म्हणून आतली बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) आलेल्या-गेलेल्या करंटची बेरीज-वजाबाकी ठेवते, आणि त्या हिशेबात रोज थोडी चूक साचते. पूर्ण भरली की खातं पुन्हा जुळतं. मी तीन महिने भरूच दिली नव्हती. (ताळेबंद न जुळवता वर्ष ढकलणारे पक्षकार माझ्याकडेही आहेत, त्यांना मी काय काय बोलते!) आता दर दुसऱ्या रविवारी 100 टक्के, आणि तासभर तिथंच ठेवायची.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते मात्र न्यूट्रलनं, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरनं. हायब्रिडला दोन बाजू असतात, एक ग्रिडची, एक बॅकअपची. फ्रिज, पंखे, दिवे, राउटर, कॉम्प्युटर बॅकअपवर. गीझर, मोटर, घरघंटी, इस्त्री ग्रिडवर. कागदावर सोपं. आमच्या जुन्या घरात मात्र सगळ्या खोल्यांचे न्यूट्रल एकाच पट्टीवर बांधलेले. फेज बॅकअपमधून जायचा आणि परत यायचा भलत्याच वाटेनं. आरसीसीबी म्हणजे करंट कुठं गळाला की लाईट तोडणारा सुरक्षेचा स्विच; त्याचं कामच जाणारा आणि येणारा करंट ताडून बघण्याचं, त्यामुळं स्वयंपाकघरातला दिवा लावला की खट्. बसवणाऱ्यांचा उपाय काय, तर "वैनी, आरसीसीबी काढून टाकू, त्रासच नाही." नको म्हटलं. शेवटी मिरजेचे एक जुने वायरमन आले, त्यांनी दोन दिवस खपून खोलीगणिक न्यूट्रल वेगळे केले. 6,500 रुपये गेले. जुन्या घरात राहत असाल तर हा खर्च आधीच धरा, कोटेशनमध्ये तो नसतो.

इन्व्हर्टर 5 किलोवॅटचा म्हणून रात्रीही 5 मिळतील, हाही माझा गैरसमज. या बॅटरीतून कायम काढायचा करंट 50 अँपिअर, म्हणजे अडीच किलोवॅट. अंधारात घरघंटी लावायचा मोह एकदा झाला. 1 एचपीची मोटर सुरू होतानाच चालू करंटच्या कितीतरी पट ओढते. बीएमएसनं गळा आवळला, गहू तसाच. आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात शोधावी लागते: इन्व्हर्टर स्वतःच साठेक वॅट खातो, दिवसाला जवळपास दीड युनिट.

ऑटोमेशन थोरल्यानं केलं. इन्व्हर्टरचा वायफाय डोंगल पाच-पाच मिनिटांनी आकडे कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतो; नेट गेलं की आपण आंधळे. त्यानं इन्व्हर्टरमधून आकडे थेट बाहेर देणारी आरएस-485 ची वायर रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला जोडली, त्यावर होम असिस्टंट हे घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर टाकलं, आता आकडे घरातल्या घरात दहा सेकंदाला. सुरुवातीला वीस-बावीस नियम होते. फ्रिजला स्मार्ट प्लग लावून काँप्रेसरशी चाललेला खेळ मी पहिल्याच आठवड्यात बंद पाडला. आज दोनच नियम उरलेत. एक त्या रविवारच्या चार्जिंगचा.

दुसरा मोटरचा. आमच्याकडं नळाला पाणी पहाटे येतं, त्या वेळी ऊन कुठलं? पहाटे हौद भरू द्यायचा आणि पॅनेल 1,500 वॅटच्या वर गेली की मोटरनं वरची टाकी भरायची. उन्हाळाभर झकास चाललं. जुलैत सलग दोन दिवस 1,500 झालेच नाहीत आणि अंगाला साबण लावल्यावर आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, पाणी गेलं. तेव्हापासून पुढं जोड आहे: दुपारी दीडपर्यंत ऊन नाही आलं तरी मोटर चालू कर. हौदातलं पाणी संपलं की मोटर बंद करणारा फ्लोट स्विच मोटरच्या वायरमध्येच आहे, त्याला कॉम्प्युटरवर सोपवलेलं नाही. पुराचंही नाही. पुलाजवळ 35 फूट झालं की मी हातानंच बॅटरी 100 वर नेते.

उत्पादन म्हणाल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये रोज चौदा-साडेचौदा युनिट, मेमध्ये बारा-तेरा, कारण पॅनेल तापली की कमी देतात. जुलैत पाचेक. गळीत हंगामात मात्र पाचट जाळल्याची काळी राख पॅनेलवर येऊन बसते, पुसली तर फासते. सकाळी ऊन चढायच्या आत पाइपनं धुवायची.

ऑगस्टमध्ये इन्व्हर्टरचा पंखा गेला, दुरुस्तीला नऊ दिवस. बोर्डाशेजारी 1,800 रुपयांचा चेंजओव्हर स्विच मी हट्टानं बसवून घेतला होता, फिरवला की घर सरळ ग्रिडवर. "त्याची गरज पडत नाही ओ," असं तेव्हा ऐकून घेतलं होतं. बंद पडला त्या संध्याकाळी मी बाहेर होते, पोरगं कॉलेजात. आईंनी फोनही केला नाही. स्टूल ओढलं, स्विच फिरवला आणि सातची मालिका लावली.