नावांची टांकसाळ: ‘फँटसी नेम जनरेटर्स’ या संकेतस्थळाचे परीक्षण

एपिक फँटसी, म्हणजे कल्पित जगातली प्रदीर्घ अद्भुतकथा, लिहायला बसलेला माणूस कथानकाच्या आधी नावांपाशी अडतो. पहिल्याच पानावर राजा येतो, त्याची राजधानी येते, राजधानीला वळसा घालणारी नदी येते, आणि या तिघांचे बारसे झाल्याशिवाय लेखणी पुढे सरकत नाही. अशा वेळी हौशी लेखक, तसेच ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारखे, खेळाडूंनी कल्पित पात्रे वठवण्याचे खेळ खेळवणारे सूत्रधार, ज्या फुकट सेवेकडे हमखास वळतात, ती म्हणजे ‘फँटसी नेम जनरेटर्स’ हे इंग्रजी संकेतस्थळ. मराठीतून अद्भुत जगाची कादंबरी लिहू पाहणाऱ्याला त्याचा कितपत उपयोग होईल, हे तपासण्याच्या हेतूने मी ते वापरले.

रचना अगदी सोपी आहे. एल्फ, ड्वार्फ, ऑर्क या कल्पित जमाती, ड्रॅगन, चेटकिणी, राज्ये, गावे, खानावळी, जहाजे, तलवारी अशा प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्र पान असून, बटण दाबले की दहा नावे समोर येतात आणि पुन्हा दाबले की नवी दहा. व्यक्तिनामांच्या बहुतेक पानांवर पुरुष आणि स्त्री अशी वेगळी बटणे आहेत. नावनोंदणी करावी लागत नाही, पैसे द्यावे लागत नाहीत. जाहिराती मात्र दिसतात, आणि एवढे काही फुकट मिळत असताना त्याबद्दल कुरकुर करणे बरे नव्हे. काल्पनिक नावांखेरीज निरनिराळ्या देशांतील आणि भाषांतील खऱ्या नावांचाही येथे मोठा साठा आहे, आणि माझ्या मते या संकेतस्थळाचा तो सर्वांत दुर्लक्षित पण सर्वांत कामाचा भाग आहे.

खेळ खेळवणाऱ्यांसाठी ही सेवा जवळजवळ निर्दोष म्हणावी लागेल. चार खेळाडू ठरलेली वाट सोडून भलत्याच खानावळीत शिरतात आणि गल्ल्यावरच्या माणसाला नाव विचारतात, तेव्हा सूत्रधाराला विचार करायला वेळ नसतो. त्या क्षणी यादीतले तिसरे नाव उचलून दिले तरी कोणाचे काही बिघडत नाही, कारण तो खानावळवाला पुढच्या आठवड्यात कोणाच्या लक्षात राहणार नसतो. कादंबरीतले नाव मात्र पाचशे पाने टिकावे लागते, आणि तेथे या यंत्राची मर्यादा उघडी पडते.

ती मर्यादा समजून घेण्यासाठी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा लेखक टॉल्किन याच्याकडे वळणे भाग आहे. १९५५ साली आपल्या अमेरिकी प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात त्याने सांगितले होते की त्याच्या बाबतीत नाव आधी येते आणि गोष्ट मागाहून येते, आणि त्याच्या कथाही भाषांना नांदायला जग मिळावे म्हणून रचल्या गेल्या. हे बोलणे बढाईचे नव्हते, हे त्याच्या नकाशावरून दिसते. मॉर्डोर, मोरिया आणि मिनास मॉर्गुल ही तीन नावे एकापाठोपाठ वाचली की त्यांतला समान ‘मोर’ वाचकाच्या कानाला आपोआप जाणवतो, आणि त्याचा अर्थ ‘काळा’ असा आहे हे कोणी सांगितले नसले तरी या स्थळांवर कसली तरी छाया आहे हे कळून चुकते. (मराठी कानाला ‘मोरिया’ ऐकून आधी ‘मोरया’ आठवतो आणि खाणीतला काळोख थोडा उजळतो, हा आपला स्थानिक तोटा.) मिनास मॉर्गुलच्या समोर मिनास तिरिथ उभे राहते, तेव्हा ही दोन्ही शहरे एकाच लोकांनी बांधलेली असावीत हे नावांवरूनच उमगते. त्याच्या रोहन या राज्यातल्या घोडेस्वारांची नावे जुन्या इंग्रजीतून घेतलेली आहेत. एओमेर आणि एओविन या भावंडांच्या नावांतला पहिला अवयव घोडा या अर्थाचा आहे. हॉबिट या बुटक्या लोकांच्या शायर परगण्यातली गावे मात्र इंग्लंडच्या खेड्यांसारखी साधी, ओळखीची ठेवली आहेत. पात्रांनी तोंड उघडण्याआधीच कोण कुठला हे वाचकाला कळते, ते नावांच्या या नातेसंबंधांमुळे.

आता जनरेटरने दिलेली दहा नावे घ्या. सुटे सुटे पाहिले तर त्यांतले एकही नाव टाकाऊ नसते. पण एक नाव वेल्श वळणाचे, दुसरे लॅटिन शेपटीचे, तिसरे ज्यात तीन व्यंजने एकमेकांवर आदळतात असे, आणि ही सगळी म्हणे एकाच जमातीची. गावांच्या पानावर तर ओक, रेव्हन, स्टोन यांसारखा एखादा इंग्रजी शब्द पुढे आणि हेवन, फोर्ट, फॉल यांसारखा दुसरा मागे, अशा जोडकामाचा भरणा आढळतो. इंग्रजी वाचकाला त्यातून निदान एखादे चित्र तरी दिसत असेल. मराठीत ते ‘रेव्हनफॉल’ असे लिहिले की एखाद्या नव्या गृहसंकुलाच्या फाटकावरची पाटी वाटते.

माझा खरा आक्षेप वर्गीकरणावर आहे. येथे नावे जमातीप्रमाणे लावलेली आहेत: एल्फ म्हटला की त्याची नावे अशीच, मग तो समुद्रकाठचा असो की वाळवंटातला, जेता असो की तीन पिढ्या मांडलिक राहिलेला. प्रत्यक्षात नावे जातात मुलखाप्रमाणे, भाषेप्रमाणे आणि कोणी कोणाला जिंकले याप्रमाणे. आपल्याकडे कोंढाण्याचा सिंहगड झाला आणि रायरीचा रायगड झाला, तेव्हा एकेका नावात एकेका राजवटीची खूण उरली. पुण्याजवळ वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द शेजारी नांदतात. गावाचे नाव येथले, आणि थोरल्या-धाकट्याचा भेद सांगणारे शेपूट फारसीतून आलेले. कल्पित राज्याच्या नकाशावर असे एक जोडगाव टाकले तर येथे पूर्वी दुसऱ्या भाषेचे राज्य होते हे वेगळ्या शब्दांत सांगावे लागत नाही. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन याने हीच युक्ती आडनावांत वापरली: त्याच्या जगात उमरावांच्या अनौरस मुलांना प्रांतानुसार आडनाव मिळते, उत्तरेत स्नो आणि दक्षिणेच्या डॉर्नमध्ये सँड. एका नियमातून हवामान, कायदा आणि अपमान अशा तीन गोष्टी साधल्या गेल्या. असा नियम कोणतेही बटण दाबून हाती लागत नाही.

याचा अर्थ उसनी नावे घेणे कमीपणाचे आहे असा मुळीच नव्हे. ‘हॉबिट’ या कादंबरीतील बहुतेक ड्वार्फांची नावे टॉल्किनने ‘व्होलुस्पा’ या जुन्या नॉर्स काव्यातील एका यादीतून उचलली, आणि त्यातल्या जादूगाराचे गँडाल्फ हे नावही त्याच यादीत आहे. सुरुवातीच्या खर्ड्यात तर गँडाल्फ हा ड्वार्फांचा म्होरक्या होता आणि जादूगाराचे नाव ब्लाडॉर्थिन होते. फरक इतकाच की त्याने अख्खी टोळी एकाच पेटीतून काढली, म्हणून किली, फिली, डोरी, नोरी ही नावे सख्ख्या भावंडांसारखी दिसतात.

मराठीत लिहिणाऱ्यासाठी आणखी एक चाळणी लागते, आणि तिची अपेक्षा इंग्रजी संकेतस्थळाकडून करणे अन्यायाचे होईल. नावे रोमन लिपीत येतात. त्यांतला ‘डी’ द आहे की ड, ‘टी’ त आहे की ट, हे आपल्यालाच ठरवावे लागते, आणि त्या निर्णयावर पात्राचा स्वभाव पालटतो. तलादिर हा मवाळ दरबारी वाटेल, टलाडिर हा दरोडेखोर. नावाच्या मध्ये अपॉस्ट्रॉफी (’) टांगून गूढता आणण्याची इंग्रजी फँटसीतली खोड देवनागरीत सरळ छपाईची चूक दिसते. सर्वांत मोठी परीक्षा विभक्तीची आहे. ‘आर्नेल’ हे नाव यादीत सुरेख दिसते, पण कथेत ‘आर्नेलला’ लिहावे लागताच जीभ अडखळते. ‘कोरिन’ ठीक असतो, ‘कोरिनने’ म्हणताना तोतरेपणा येतो. आकारान्त स्थळनामांचे तर विचारूच नका. सातारा साताऱ्यात जातो हे आपण न शिकता बोलतो. मग कल्पित ‘एल्दारा’ नगरीतली माणसे ‘एल्दाऱ्यात’ राहतात की ‘एल्दारात’? पहिले रूप घेतले तर नगरी घरची वाटते, दुसरे घेतले तर परकी, आणि कथेत राजधानी परक्यांची असेल तर दुसरेच रूप शहाणपणाचे ठरेल. निदान ‘ला’, ‘ने’, ‘च्या’ आणि ‘हून’ लावून मोठ्याने म्हणून पाहिल्याशिवाय कोणतेही नाव पक्के करू नये. नदी असेल तर ती स्त्रीलिंगी वागणार हेही लक्षात ठेवावे. व्यंजनान्त रांगडे नाव दिले की पुढे प्रत्येक क्रियापदाशी त्याची कुस्ती होते.

तेव्हा या संकेतस्थळाकडे नावांसाठी न जाता ध्वनींसाठी जावे, असे माझे मत झाले आहे. एकच पान निवडावे, चार-सहा वेळा बटण दाबावे, आणि आलेल्या नावांतून दोन-तीन आरंभ व दोन-तीन शेवट तेवढे टिपून बाकीची नावे सोडून द्यावीत. एका राज्यातल्या नद्यांना एकच शेवट, किल्ल्यांना दुसरा, राजघराण्यातल्या व्यक्तींना एक ठरावीक आरंभ असे वाटप केले की अर्ध्या तासात नकाशाला कुळशील येते. अमळनेर, संगमनेर, पारनेर किंवा डोंबिवली, कणकवली यांच्या जगात वाढलेल्या वाचकाला हे व्याकरण समजावून द्यावे लागत नाही. दुसऱ्या राज्यासाठी मात्र मुद्दाम दूरचे पान उघडावे, आणि शक्य तर खऱ्या नावांच्या विभागातले. खऱ्या भाषेच्या नावांत जी अंगभूत शिस्त असते ती काल्पनिक जमातींच्या पानांवर क्वचितच सापडते.

जोडीला १९९६ पासून चालू असलेले ‘बिहाइंड द नेम’ हे संकेतस्थळ उघडे ठेवावे. तेथे नाव कोणत्या भाषेतले, त्याची व्युत्पत्ती काय, निरनिराळ्या भाषांत त्याची रूपे कोणती, हे नीट दिलेले असते, आणि आवडलेल्या नावाला आधीच काही पूर्वज आहेत का हे लगेच समजते. तेथेही यादृच्छिक नावे देणारी सोय आहे, पण कोणत्या संस्कृतींतून नावे हवीत हे खुणा करून आधी ठरवता येते. एकच खूण केली की मी वर ज्या एका पेटीचा आग्रह धरला ती आयती मिळते. देखणेपणात ते ‘फँटसी नेम जनरेटर्स’च्या मागे नाही, आणि विश्वासार्हतेत पुढे आहे. ड्रॅगनचे किंवा तलवारीचे नाव हवे असेल तर मात्र पुन्हा पहिल्याच दारात यावे लागेल.

हक्कांबाबत ‘फँटसी नेम जनरेटर्स’ची भूमिका उदार आहे: येथली नावे आपल्या लेखनात खुशाल वापरा, मात्र ती दुसऱ्या कोणाच्या मालकीची नसावीत. ही अट वाचून सोडून देण्यासारखी नाही. १९७४ साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये सुरुवातीला टॉल्किनचे हॉबिट होते, मालकी हक्काचा आक्षेप आल्यावर त्यांचे हाफलिंग झाले आणि एंट या चालत्याबोलत्या वृक्षांना ट्रीअंट व्हावे लागले. प्रसिद्ध कलाकृतींच्या धर्तीवर नावे देणारी पुष्कळ पाने या संकेतस्थळावर आहेत, आणि तेथून उचललेले नाव एखाद्या मूळ पात्राच्या नावाशी जसेच्या तसे जुळण्याची शक्यता साहजिकच अधिक असते. नायकाचे नाव पक्के करण्यापूर्वी ते रोमन आणि देवनागरी अशा दोन्ही लिपींत शोधून पाहावे, आणि कोणाचे निघालेच तर हस्तलिखित प्रकाशकाकडे जाण्याआधी बदलावे.