१५ रुपयात सातबारा, रिव्ह्यू (बँकेपर्यंतची स्टोरी पण आहे)

पीककर्जासाठी सातबारा पायजे होता म्हणून परवा रात्री घरात बसूनच महाभूमी या सरकारी वेबसाईटवरनं डिजिटल सहीचा काढला. जिल्हा कोल्हापूर, तालुका करवीर, गाव, गट नंबर, साईटवरच्या आपल्या खात्यात पैसे टाकायचे आणि १५ रुपये कटले की पीडीएफ तयार, विषय संपला. एक लक्षात ठेवा, ७२ तासांच्या आत डाउनलोड करून घ्यायचा, नायतर परत पैसे. आणि फुकटवाला नुसता बघायला असतोय, त्याच्यावर सही नसते, तो घेऊन कुठं जाऊ नका.

आमचे वडील याच कागदासाठी ऊसतोड सोडून तीन-तीन दिवस चावडीवर जायचे, तलाठीसाहेब कधी मीटिंगला कधी दुसऱ्या गावाला. त्यांना मोबाईलवर दाखवला तर म्हणाले, "शिक्का कुठाय रं?"

आता गंमत ऐका. बँकेत (नाव नको) गेलो तर काऊंटरवरचे साहेब पण तेच, तलाठ्याचा शिक्का आणा! अहो त्याच्यावर क्यूआर कोड आहे, पडताळणीचा १६ अंकी नंबर आहे, साईटवर टाकून बघा की. पंधरा मिनिटं हुज्जत, शेवटी आतल्या मॅडमनी स्वतःच्या फोनवर स्कॅन केला तेव्हा कुठं फाईल पुढं सरकली.

सेवेला पाचपैकी साडेचार, अर्धा कापला कारण वडलांना हे एकट्यानं काय जमणार नाही. बँकेला दोन, तेबी मॅडममुळं.