कोल्हापुरात टेक्निकल रायटर्सची परिषद: हॉटेलचा हॉल की कॉलेजचं सभागृह?

सव्वाशे टेक्निकल रायटर्स (सॉफ्टवेअर किंवा यंत्र कसं वापरायचं ते लिहिणारी मंडळी), दीड दिवस, पहिल्या दिवशी भाषणं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यशाळा, असा बेत असेल तर दोन पर्याय समोर येतात: ताराराणी चौक किंवा हायवेच्या बाजूच्या हॉटेलचा बँक्वेट हॉल, नाहीतर एखाद्या कॉलेजचं सभागृह. बहुतेक आयोजक भाड्याचे आकडे शेजारी शेजारी मांडून ठरवतात. खरा निकाल मात्र कार्यशाळेवर लागतो.

हॉटेलवाला "दोनशेची कपॅसिटी" म्हणतो ती नुसत्या खुर्च्यांची. पुढे टेबलं टाकली की तीच जागा जेमतेम शंभरांना पुरते. कॉलेजच्या सभागृहात तर टेबलांचा प्रश्नच नाही, खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या असतात आणि लॅपटॉप मांडीवर येतो. पण कॉलेजकडे कॉम्प्युटर लॅब असतात, आणि तिथे पारडं फिरतं. प्रत्येक जागेला टेबल, सॉकेट, नेटवर्कची केबल, सगळं तयार. तीन लॅब मिळाल्या तर तीन कार्यशाळा एकाच वेळी चालतात. हॉटेलात त्यासाठी हॉलला पार्टिशन घालतात आणि पलीकडचा माईक अलीकडे ऐकू येतो.

विजेचा हिशोब आधी करा. एका कार्यशाळेचे ६५ वॅटचे चाळीस चार्जर म्हणजे २,६०० वॅट. ६ अँपिअरचं एक सॉकेट २३० व्होल्टला फार तर १,३८० वॅट सोसतं. तरीही हॉटेलचा इलेक्ट्रिशियन एका सॉकेटमधून एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडत नेतो. सुरुवातीला सगळं चालतं, मग बोर्ड तापतो किंवा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा खटका) पडतो. त्याला वेगवेगळ्या सर्किटवरून किमान तीन लाइन ओढायला सांगा, एसीची लाइन सोडून. जनरेटरवर सॉकेट चालतात का, हेही विचारा. बऱ्याच कॉलेजांत दिवे आणि पंखेच चालतात.

वायफायमध्ये दोघांच्याही अडचणी आहेत. सव्वाशे माणसं म्हणजे मोबाइल धरून अडीचशे उपकरणं. कॉरिडॉरमधला एखादा राउटर तिथे टिकत नाही. कॉलेजचं नेट दमदार असतं, पण फायरवॉलमध्ये गिटच्या (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली) किंवा व्हीपीएनच्या (कंपनीच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) वाटा बंद असू शकतात आणि पाहुण्यांची लॉगिन काढून द्यायला सिस्टिम अ‍ॅडमिन लागतो. तो शनिवारी दुपारनंतर भेटेलच असं नाही. आदल्या दिवशी त्याच लॅबमध्ये बसून गिटवरची रिपॉझिटरी (फाइलींचा साठा) क्लोन करून, म्हणजे लॅपटॉपवर उतरवून बघा, आणि सरावाच्या फाइली पेनड्राइव्हवर ठेवाच.

जेवणात हॉटेल सरळ सरळ पुढे. मात्र "हॉल फुकट, फक्त ताटाचे पैसे" या बोलीत किमान ताटांची अट असते, ती नीट वाचा. नव्वदच आले तरी सव्वाशेचं बिल येतं. जीएसटी धरून आकडा मागा. कॉलेजात केटरर बाहेरचा आणावा लागतो, मटणाला बहुधा परवानगी नसते. (तांबडा-पांढरा रात्रीच ठेवा. दुपारी ओरपून आलेल्यांसमोर स्टाइल गाइडवर, म्हणजे लेखनाच्या नियमांवर, बोलायची पाळी वक्त्यांवर कशाला आणायची?) जागा कुठलीही असो, बुफे दोन्ही बाजूंनी लावा. माणशी २५ सेकंद धरले तरी एका रांगेला पाऊण तासाच्या वर जातो.

तारखांचं गणितही दोघांचं वेगळं. लग्नसराईत हॉटेल दुपारी चारलाच हॉल रिकामा मागतं, संध्याकाळच्या रिसेप्शनची सजावट करायची असते. कॉलेज परीक्षांच्या काळात मिळत नाही. जुलै-ऑगस्ट दोन्हीकडे टाळा: २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराने हायवेच बंद पडला होता. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी असते, खोल्या मिळत नाहीत. एरवीही शनिवार-रविवारी त्या महाग. म्हणून गुरुवार-शुक्रवार बघा. मुंबईची मंडळी रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी उतरतील, पण पुणेकर पहाटे निघून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर येणार, तेव्हा पहिलं सत्र अकराच्या आत नको. बेंगळुरूहून रेल्वेने येणाऱ्यांना मिरजेहून गाडी ठरवून द्या.

कार्यशाळा नसेल, नुसती भाषणं आणि ओळखीपाळखी असतील, तर हॉटेल घ्या. असेल तर लॅब असलेलं कॉलेज घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या केटररवर घाला. पहिला दिवस हॉटेलात, दुसरा कॉलेजात हा मधला मार्ग कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात दुसऱ्या सकाळी अर्धी माणसं रंकाळ्यावर असतात.