ड्रॅग कारच्या मागच्या स्प्रिंगा: १७५ काढून १२५ टाकल्या, त्याबद्दल

माझ्या ड्रॅगच्या, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीच्या गाडीत, आयबॅक या स्प्रिंग बनवणाऱ्या कंपनीची १२ इंची, अडीच इंच आतल्या मापाची, १२५ पाऊंडची (एक इंच दाबायला १२५ पाऊंड लागतात, यालाच रेट म्हणतात) जोडी मागच्या कॉईलओव्हरवर, म्हणजे स्प्रिंग भोवती बसते त्या शॉकअपवर, बसवली आहे. आधी एका स्वस्तातल्या ब्रँडच्या १७५ होत्या, नाव घेत नाही. गाडी साधारण १४०० किलोची, मागे सरळ एक्सल, तो चार बारांनी धरलेला (फोर लिंक), मागे स्लिक, म्हणजे नक्षी नसलेले मऊ शर्यतीचे टायर. हे आधीच सांगतो कारण "कुठला रेट घेऊ" असं विचारणारे गाडीचं वजन सांगतच नाहीत आणि उत्तर देणारे विचारत पण नाहीत, बिनधास्त आकडा फेकून मोकळे.

आधी मालाबद्दल. दोन्ही स्प्रिंगांची मोकळी उंची सारखी, टोकं नीट सपाट घासलेली, टेस्टरवर दाबल्या तर दोन्ही सारख्याच भरल्या. पहिला इंच सोडून मोजा, कारण सुरुवातीला टोकाचे वेढे नीट बसेपर्यंत आकडा जरा इकडेतिकडे होतोच, तेव्हा मोजून "रेट कमी निघाला" म्हणून बोंब मारायची नाही. जुन्या जोडीत मात्र एक स्प्रिंग दुसरीपेक्षा चक्क बुटकी झाली होती आणि रेट पण जुळत नव्हता. यात आश्चर्य काही नाही, तारेची जाडी रेटच्या गणितात चौथ्या घाताने येते, म्हणजे तार नुसती ५ टक्के जाड निघाली तरी स्प्रिंग २१-२२ टक्के कडक होते, तर ज्याला तारेचं माप सांभाळता येत नाही त्याच्या स्टिकरवरच्या आकड्याला काय अर्थ आहे सांगा. आयबॅकचा पार्ट नंबर वाचायला पण सोपा, १२००.२५०.०१२५ म्हणजे १२ इंच लांबी, अडीच इंच आतला व्यास, १२५ चा रेट, डबा न उघडता कळतं.

आता १२५ च का. खूप जणांच्या डोक्यात असं असतं की मऊ स्प्रिंग टाकली की गाडी मागून बसते आणि बसली की वजन टायरवर येतं. तसं नाहीये राव. वजन किती मागे येणार हे ठरतं गुरुत्वमध्याची उंची, व्हीलबेस आणि गाडी किती जोरात सुटते यावर. १४०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य ५० सेंटीमीटरवर, व्हीलबेस २७० सेंटीमीटर, सुटताना दीड जी (गुरुत्वाकर्षणाच्या दीडपट प्रवेग), करा हिशोब, साधारण ३९० किलो मागे येतं. स्प्रिंग काढून तिथे लोखंडी दांडा लावला तरी जवळपास तेवढंच येणार. आणि गाडी बसणार का उठणार हे लिंकच्या, म्हणजे एक्सल धरणाऱ्या बारांच्या कोनावर आहे, वरचे खालचे बार पुढे वाढवत नेले तर जिथे भेटतात तो पॉइंट कुठे पडतो त्यावर. मागच्या टायरच्या जमिनीला टेकण्याच्या जागेपासून पुढच्या एक्सलच्या बरोबर वर गुरुत्वमध्याच्या उंचीपर्यंत एक रेघ मारा, पॉइंट रेघेच्या वर असेल तर मागचा भाग उठणार, खाली असेल तर बसणार, स्प्रिंग १२५ असो नाहीतर १७५. टॉप फ्युएल या सगळ्यात वेगवान वर्गाच्या ड्रॅगस्टरला तर मागे स्प्रिंगच नसते, सगळं टायर आणि लवणारी चॅसिस बघून घेते.

मग स्प्रिंगचं काम काय, तर पहिलं म्हणजे गाडी योग्य उंचीवर धरून ठेवणं, आणि दुसरं, जे लोक विसरतात, मागचा भाग वर जाताना टायरवरचा दाब एकदम न सोडणं. माझ्या गाडीत एक्सल आणि चाकांचं वजन सोडलं तर मागे एका स्प्रिंगवर साधारण ५५० पाऊंड येतात. १७५ ची त्याने ३.१ इंच दबते, १२५ ची ४.४ इंच. वजन तेच उचललंय पण मऊ स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा ४० टक्के जास्त. आणि लाँचला, म्हणजे गाडी सुटताना, मागचा भाग एक इंच वर गेला की कडक स्प्रिंगचा रेटा १७५ पाऊंडने उतरतो, मऊचा १२५ नेच. म्हणजे टायर जास्त वेळ सारखा दाबलेला राहतो. माझ्याकडे फरक दिसला तो इथेच, आधी गाडी सुटताना टायर जोरात पकड घ्यायचा आणि पहिल्या साठ फुटांच्या (सिक्स्टी फूट) आतच ती पकड परत सुटायची, आता तो दुसरा झटका येत नाही. स्लिकची भिंत स्वतःच दुमडून थोडं सांभाळून घेते, रेडियल घालणाऱ्याला तेवढी पण सूट नाही, त्यांनी तर हा हिशोब केलाच पाहिजे.

आणि कोन, कोन विसरू नका. शॉकअप सरळ उभा असेल तरच १२५ म्हणजे १२५. तो ३० अंश आत झुकवला असेल तर कोसाईनचा वर्ग लागतो, म्हणजे पाऊणच उरतो, १२५ चे एक्सलवर ९४ झाले. दुसऱ्याच्या गाडीतला आकडा उचलून आपल्या गाडीत का चालत नाही याचं हे अर्धं कारण, उरलेलं अर्धं डिक्कीत ठेवलेली बॅटरी, म्हणजे मागचं वजनच वेगळं.

माझं मत विचाराल तर गाडी राईड हाईटवर धरेल आणि पूर्ण दबल्यावर वेढ्याला वेढा टेकणार नाही अशी सगळ्यात मऊ स्प्रिंग घ्यावी, फक्त शॉकअपला दोन्ही बाजूंना हालायला जागा राहिली पाहिजे, कॉलर (स्प्रिंग ज्यावर टेकते ती उंची बदलायची फिरती रिंग) वरपर्यंत फिरवून फिरवून उंची गाठावी लागत असेल तर स्प्रिंग फारच मऊ झाली किंवा लांबीच चुकीची आहे. स्वस्तात काम होईल म्हणून जुनी स्प्रिंग कापायला जाऊ नका, वेढे कमी झाले की ती उलट कडक होते.

तोटे आहेतच. लाँचला इंजिनाच्या पिळामुळे बॉडी उजव्या मागच्या कोपऱ्यावर बसते, डावं पुढचं चाक आधी उचलतं, आणि मऊ स्प्रिंगवर हे जास्त जाणवतं. मागे चांगला अँटी रोल बार (गाडी एका बाजूला कलू न देणारा दांडा) नसेल तर १२५ घेऊच नका, गाडी तिरकी सुटेल आणि तुम्ही स्टेअरिंग सरळ करत बसाल. काही जण उजवीकडे कडक आणि डावीकडे मऊ लावतात, मला ते पटत नाही, सुटताना सरळ आणि ब्रेक मारताना वाकडी असा प्रकार होतो, त्यापेक्षा अँटी रोल बारलाच थोडा प्रीलोड, म्हणजे आधीच जरा ताण, द्यावा. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाड्यांची गोष्ट वेगळी, तिथे पाटाच एक्सलला धरून ठेवतो त्यामुळे मोपारच्या (क्रायस्लरचा पार्टचा ब्रँड) सुपर स्टॉक पाट्यांमध्ये उजवा डावा मुद्दाम वेगळा बनवलेला असायचा. रोज रस्त्यावर चालणारी, मागे माणसं बसवायची गाडी असेल तर १५० च्या खाली जायचा विचार पण नको, प्रत्येक खड्ड्यात खाली आपटेल. शेवटच्या टप्प्यात वेगात पण गाडी आधीपेक्षा जरा हलकी वाटते, सवय होते पण पहिल्यांदा जरा पोटात गोळा येतो.

शॉकअपचं सेटिंग मात्र पहिल्यापासून करावं लागलं, जुने क्लिक (शॉकअपच्या नॉबचे टप्पे) काहीच उपयोगाचे नाहीत, रिबाऊंड, म्हणजे शॉकअप लांबतानाचा विरोध, मोकळा ठेवला की मागचा भाग एकदम उसळायचा. स्प्रिंगच्या खाली थ्रस्ट बेअरिंग (दाबाखालीही फिरू देणारं चपटं बेअरिंग) टाका, दबताना स्प्रिंग थोडी फिरते आणि बेअरिंग नसेल तर कॉलर फिरवताना हात भरून येतात. ते डब्यात येत नाही, वेगळं मागवायला लागतं, आणि कॉलरचा पाना पण.