लेबर केअर गाइड काही महिने वापरून: कामाच्या चार ओळी, आणि तक्ता जिथे कमी पडतो

प्रसूती चालू असताना बाई आणि बाळाच्या नोंदी ठेवायचा जागतिक आरोग्य संघटनेचा हा तक्ता २०२० चा. पार्टोग्राफवरची, म्हणजे आधीच्या तक्त्यावरची, प्रसूती मंदावल्याचा इशारा देणारी तिरकी अलर्ट लाइन गेली. सक्रिय प्रसूती गर्भाशयाचं तोंड ४ ऐवजी ५ सेंटीमीटर उघडल्यापासून धरायची आणि प्रत्येक सेंटीमीटरला वेगळी मुदत, तेवढ्यात पुढे सरकलं नाही तर अलर्ट: ५ ला ६ तास, ६ ला ५, ७ ला ३, ८ ला अडीच, ९ ला २. लेबर रूममध्ये सगळी चर्चा या आकड्यांवरच होते. वापरून झालेलं मत मात्र असं, की तक्त्याचा खरा उपयोग वरच्या चार ओळींत आहे: सोबत, वेदना कमी करण्याचे उपाय, तोंडाने पाणी आणि बाईची शरीरस्थिती (उताणी पडून की चालती-फिरती). सगळ्यात जास्त खोट्या भरल्या जातात त्याही याच.

सोबतीचंच घ्या. आई किंवा सासू दाराबाहेरच्या बाकावर बसलेली, आणि तक्त्यावर सोबत 'आहे'. सरकारी दवाखान्यांत सोबतिणीला परवानगी २०१६ पासून आहे. तिने स्वतः बाळंतपण अनुभवलेलं असावं, संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत आणि तिने शेवटपर्यंत थांबावं, अशा साध्याच अटी. अडतं ते पडद्यावर. दोन टेबलांमध्ये पडदा नसेल तर शेजारच्या बाईच्या खासगीपणासाठी कुणालाच आत घेता येत नाही. म्हणून आधी पडदे लावा, मग तक्ते छापा.

आत आलेल्या सोबतिणीला नेमकं काम द्यावं लागतं, नाहीतर ती कोपऱ्यात उभी राहून स्वतः घाबरते आणि पेशंटलाही घाबरवते. कळ आली की कंबरेवर तळहाताने दाब द्यायचा, कळ ओसरली की दोन घोट पाणी पाजायचं, लघवीला न्यायचं. पोट दाबायचं नाही आणि 'जोर लाव' म्हणायचं नाही. एवढं सांगायला दोन मिनिटं पुरतात.

पाण्याची ओळ नागपूरच्या मे महिन्यात फार बोलकी होते. 'सिझर लागलं तर?' या धास्तीने बाईला उपाशीतापाशी ठेवायची सवय जुनी आहे. बाहेर पारा ४५ च्या घरात, आत कूलरची दमट हवा. काही तासांत नाडी चढते आणि लघवीत अ‍ॅसिटोन (उपाशी राहिल्याची खूण) दोन प्लस येतं. पार्टोग्राफमध्ये अ‍ॅसिटोन होतं, पण तोंडाने पाणी दिलं की नाही याची ओळ नव्हती. इथे एकाच उभ्या रकान्यात वर 'पाणी: नाही' आणि खाली अ‍ॅसिटोन ++ दिसतं, त्यामुळे डॉक्टरही राउंडला विचारतात. जोखीम नसलेल्या बाईला पाणी, नारळपाणी, पातळ पेज द्यायला हरकत नाही.

चारपैकी पहिल्या तीन ओळींत 'एन' म्हणजे दिलं नाही आणि 'डी' म्हणजे विचारलं, पण तिने नको म्हटलं. 'एन' हा अलर्ट, म्हणून त्याभोवती गोल करावा लागतो, 'डी'भोवती नाही. त्यामुळे न विचारताच 'डी' पडतो. तपासायचं असेल तर सोबतिणीला विचारा, लगेच कळतं.

तक्त्याच्या शेवटी मूल्यमापन आणि पुढचा आराखडा आहे, तोही बाईशी बोलून ठरवायचा. प्रत्यक्षात तो डॉक्टर आणि सिस्टरमध्येच ठरतो. यावर जमलेला उपाय साधा आहे: आधी तिला सांगायचं, मग लिहायचं. तपासणीआधी, "ताई, आतून तपासते आहे, कळ आली तर सांगा, थांबते." तपासणीनंतर तीनच गोष्टी: "तोंड ६ सेंटीमीटर उघडलंय. बाळाचे ठोके १४० आहेत, चांगले आहेत. पुढची तपासणी ४ तासांनी, आधी जोर लावावासा वाटला तर हाक मारा." नातेवाइकांनाही सेंटीमीटरच सांगा. 'तीन बोटं' म्हटलं की दुसऱ्या पाळीतल्या सिस्टरची तीन बोटं वेगळी निघतात, आणि बाहेर 'मघापासून काहीच पुढे सरकलं नाही' म्हणून गोंधळ सुरू होतो. छिंदवाडा-बालाघाटकडून आलेल्या बाईला हेच हिंदीत सांगायचं. मान हलवली म्हणजे कळलं असं धरू नये. पुढची तपासणी कधी आहे ते तिलाच विचारावं.

ठोके दर अर्ध्या तासाने, पूर्ण एक मिनिट, कळ चालू असताना आणि ओसरल्यावरही अर्धा मिनिट ऐकायचे. ११० च्या खाली किंवा १६० आणि त्यावर गेले तर गोल. डॉपलरचा (ठोके ऐकायच्या यंत्राचा) आवाज बंद ठेवू नका, तो ऐकून बाईला निम्मा धीर येतो. फक्त तिची नाडी एका हाताने धरा, नाहीतर तिचेच ठोके बाळाचे म्हणून लिहिले जातात.

तक्त्याची मोठी उणीव अशी की तो ५ सेंटीमीटरपासून सुरू होतो. ३ सेंटीमीटरवर रात्रभर कळा काढणाऱ्या बाईसाठी त्यात जागाच नाही, आणि माहितीचा दुष्काळ नेमका तिथेच असतो. तिच्यासाठी वेगळा कागद ठेवावा लागतो: ठोके, नाडी, बीपी, आणि हाक कधी मारायची ते. पाणी फुटलं, रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली. हा टप्पा लांबू शकतो, हेही आधीच सांगावं.

दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे तोंड पूर्ण उघडल्यापासून बाळ होईपर्यंत, दर ५ मिनिटांनी ठोके लिहायचे. एकटी सिस्टर असेल तर ते होत नाही, सगळं बाळ झाल्यावर भरलं जातं. लिहायला दुसरं माणूस हवं, याला पर्याय सापडला नाही.

छपाईबद्दल: ए४ वर रकाने बारीक आहेत आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढली की अलर्टचे आकडे पुसट होतात, मूळ प्रतीवरूनच काढा. पहिल्या टप्प्याला १२ तासांचे रकाने आहेत. त्यानंतर नवा कागद लावताना जुन्यावरचा शेवटचा आराखडा आणि तिला काय सांगितलं ते पहिल्या रकान्यात उतरवा. पाळी बदलायची वेळही बहुधा तेव्हाच येते, आणि मग नव्या सिस्टरला सगळं पहिल्यापासून विचारावं लागतं.