एलआयपी की एलएफपी, कुठले पैसे सुटसुटीत?
अमेरिकेत जनावरं पाळणाऱ्यांसाठी यूएसडीएच्या, म्हणजे तिथल्या कृषी खात्याच्या, या दोन स्कीम, 2014 च्या फार्म बिलाने कायम झालेल्या. एलआयपी म्हणजे बर्फाचं वादळ, पूर असल्या आपत्तीत जनावर मेलं तर बाजारभावाच्या 75 टक्के, पण एरवीही काही मरतातच म्हणून तेवढी आधीच वजा, आणि पुरावा तुम्हीच जमवायचा, मेलेल्या गाईचे फोटो, खरेदीच्या पावत्या, सगळं काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, ऑफिसात. एलएफपी दुष्काळात चाऱ्यासाठी. तिथे कुरण किती वाळलं हे कुणी मोजत बसत नाही, चराईच्या हंगामात ड्रॉट मॉनिटरच्या, म्हणजे दुष्काळ दाखवणाऱ्या, नकाशावर काउंटीत कुठेही डी3, म्हणजे अतितीव्र दुष्काळ, दिसला की तीन महिन्यांचं पेमेंट. मला एलएफपीच बरी वाटते, फक्त शेजारच्या काउंटीत रंग गडद नि आपल्याकडे फिका राहिला की बसा बोंबलत, गवत दोन्हीकडे सारखंच जळालं असलं तरी.